चुकीचा इलाज बोलतोय

मित्रांनो, मी एक चष्मा आहे. जुना म्हणावं तर मला अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. पण माझी एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि डाव्या काचेवर ओरखडा आहे, तेव्हा जुना म्हणायला हरकत नसावी. एक कबुली आधीच देऊन टाकतो. मी पाच आठवडे एका बाईंचा इलाज म्हणून काम केलं, आणि मी इलाज नव्हतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण चष्म्याला नुसतं दिसतं, बोलता येत नाही. त्या काळजीनेच माझे स्क्रू ढिले झाले.

डोळे उघडले तेव्हा (मला डोळे नाहीत, पण असं म्हणायची पद्धत आहे) मी एका खोक्यात होतो. आत आम्ही दोनशे भावंडं, आणि सगळ्यांचा नंबर एक. खोक्यावर तसं छापलेलंच होतं. ज्या घरात सगळ्यांचाच पहिला नंबर येतो तिथे कौतुक कुणाचं व्हायचं? आम्ही सगळे लहानपणापासून जरा काळजीतच असायचो. आपलं नाक कुठलं असेल, एवढाच विषय.

माझं नाक पुष्पावतीबाईंचं निघालं.

पुष्पावतीबाई संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर राहायच्या. नवरा गोरक्ष, चार गाई आणि चहूबाजूंनी ऊस. रोज सकाळी स्कूटीवर कॅन बांधून डेअरीला दूध घालायला त्याच जायच्या. एका सकाळी उसातून बिबट्या रस्त्यावर आला. बाईंनी ब्रेक दाबला. स्कूटी आडवी, बाई स्कूटीखाली, कॅनचं झाकण उडालं आणि दूध रस्त्यावर. बिबट्याने बाईंकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं आणि दूध प्यायला लागला. सावकाश, घरच्या मांजरासारखा. मधूनमधून मान वर करून बाईंकडे बघायचा, पुन्हा प्यायचा. मग उसात निघून गेला. नखसुद्धा लावलं नाही.

घोळ इथेच झाला. जखम असती तर लोक केळी घेऊन भेटायला आले असते. जखम नव्हती, म्हणून हसायला आले. वनखात्याच्या पंचनाम्यात जखमेच्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं गेलं. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, "अगं, दूधच प्याला ना? तुझ्या दुधाला येवढं लांबून गिऱ्हाईक आलं, आन् तू रडतीस व्हय!"

बाई हसल्या. सगळ्यांबरोबर हसल्या. पण त्या दिवसापासून झाकण वाजलं की त्यांचं अंग कापायचं. दुधाचा वास आला की श्वास अडकायचा. ऊस तर बघवेना, आणि वस्तीला जायला उसातूनच रस्ता. चार दिवसांसाठी म्हणून त्या संगमनेरला भावाकडे आल्या, त्याला तीन महिने झाले. गोरक्षभाऊ रोज दूध घालून त्यांना भेटून जायचे. "चंद्री पान्हा सोडंना तुझ्याबिगर," एवढं सांगायचे आणि चपला घालायचे. बाईंना घरी जायचं होतं. जाता येईल का, एवढाच प्रश्न होता. आणि तो विचारायचीही त्यांना भीती वाटायची.

त्यांची मुलगी अश्विनी नाशिकला नर्सिंग शिकते. तिने वडिलांना फोन केला. म्हणाली, असं काही भयानक घडलं की ती आठवण मनात अडकून बसते. त्यावर डोळ्यांच्या हालचालीचा एक उपचार असतो. समोरचा माणूस बोट हलवतो, आपण नजरेने त्याच्या मागे जायचं, आणि हळूहळू आठवणीची धार कमी होते. संगमनेरला असं करणारं कुणी आहे का ते मी बघते. सगळं नीट सांगितलं तिने. पण गोरक्षभाऊ रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होते, आणि रेंजने त्यांच्यापर्यंत तीनच शब्द पोचवले: डोळे, बोट, संगमनेर.

दुसऱ्या दिवशी संगमनेरात त्यांना फलक दिसला. भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर, मंगल कार्यालय.

मी टेबलावरच होतो, म्हणून सांगू शकतो. डॉक्टरांनी बाईंच्या डोळ्यांपुढे बोट धरलं. "बोटाकडे बघा. मान हलवू नका." डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. गोरक्षभाऊ मागून कुजबुजले, "हाच तो इलाज! अश्विनी म्हनली तो हाच!"

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"येवढ्यात?"

"अहो, बाहेर दीडशे माणसं उभी आहेत. काय त्रास होतो, ताई?"

"भ्या वाटतं," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"भिऊ नका, ऑपरेशन नाहीये. वाचायचा चष्मा. नंबर एक."

आणि मी नाकावर गेलो. खोक्यातल्या भावंडांनी माझ्याकडे हेव्याने पाहिलं असेल. मी घाबरलो होतो. बाहेर आल्यावर गोरक्षभाऊंनी बजावलं, "हा काढायचा न्हाई आता. आंगुळीला बी न्हाई. इलाज हाय."

मित्रांनो, माझ्यातून जवळचं छान दिसतं. लांबचं पुसट होतं. हे वाचणाऱ्याला चालतं. पण ज्या बाईंना लांबचीच भीती होती, त्यांच्या डोळ्यांवर मी दिवसभर बसलेला. त्यांच्या पापण्या काचेच्या आतून फडफडायच्या तेव्हा मला कळायचं की बाई कुठे आहेत. खोलीत नसायच्या, उसाच्या रस्त्यावर असायच्या.

पंधरा दिवसांनी गोरक्षभाऊ त्यांना मोटारसायकलवर बसवून वस्तीकडे निघाले. ऊस सुरू होतो त्या वळणावर कुंपणावर दगडाबाईंचं पिवळं, काळ्या ठिपक्यांचं लुगडं वाळत घातलेलं होतं. माझ्यातून त्या लुगड्याला शेपूट दिसलं. वाऱ्याने ते हललं. बाई ओरडल्या, गोरक्षभाऊंनी गाडी थांबवली, आणि बाई उतरून उलट्या दिशेने पळत सुटल्या. मी डांबरावर आपटलो. काडी तेव्हाच मोडली.

गोरक्षभाऊ मला उचलून त्यांच्यामागे गेले. दोघं रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसले. त्यांनी खिशातून दोरा काढून माझी काडी बांधायला घेतली, पण गाठ काही बसेना.

"इलाज झाला, तरी भ्या जाईना," बाई म्हणाल्या. "म्हंजी बिघाड माझ्यातच हाय."

"तसं न्हाई गं."

"मंग कसं हाय?"

गोरक्षभाऊ पुन्हा गाठ मारू लागले. उत्तर मला येत होतं! मी त्यांच्या दोन बोटांत होतो आणि मला सगळं माहीत होतं. इलाज झालेलाच नाही हो, तो डोळ्यांचा डॉक्टर होता, मी तर वाचायचा चष्मा आहे! पण मी काचच. पुढचे तीन आठवडे बाई भावाच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. झाकण वाजलं तरी आता त्या कुणाला काही सांगेनात. न बऱ्या होणाऱ्या माणसाने कितींदा सांगायचं, असं त्यांना वाटत असावं.

मग अश्विनी सुट्टीवर आली आणि दारातच थबकली.

"आई, हा चष्मा कसला?"

"इलाजाचा."

"कुठे झाला इलाज?"

"मंगल कार्यालयात."

अश्विनीने वडिलांकडे पाहिलं. गोरक्षभाऊंनी बोट डावीकडून उजवीकडे नेऊन दाखवलं. तिला आधी हसू फुटलं, मग रडू आलं, आणि शेवटी तिने कपाळावर हात मारला. "अहो नाना, ते डोळे तपासत होते! आई, तुझ्यावर उपचार झालेलाच नाहीये."

"झालाच न्हाई?" पुष्पावतीबाईंनी विचारलं. परत विचारलं, "झालाच न्हाई?"

मला वाटलं, आता त्या आनंदतील. पण त्यांचा चेहरा पडला. "मंग हारायला अजून एक जागा शिल्लक हाय म्हनायची."

अश्विनीने संगमनेरातच खरा उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई शोधल्या, आणि पुढचे आठ दिवस आईचा नुसता विचार चालला. ती बाई मला झोपवून काहीबाही वदवून घेईल का? सगळं परत सांगावं लागेल का? मधेच सोसलं नाही तर? आणि रोज, ताट पुढे आलं की हटकून, "ती बी हासली तर?" अश्विनीने घाई केली नाही. तिने अपॉइंटमेंट घेतली आणि सांगितलं की नुसतं विचारायला जाऊ; नाही पटलं तर भेळ खाऊन परत येऊ.

मनाच्या डॉक्टर नीलांबरी मॅडम यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि एक कुंडी. पुष्पावतीबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"बरं व्हतं का ह्यानं?"

"बऱ्याच जणांना फायदा होतो," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना होतोच, असं मी सांगणार नाही. एका दिवसात तर नाहीच. पहिल्या काही भेटी नुसत्या तयारीच्या. तुम्हाला झोपवणार नाही, आणि सगळं सांगायची सक्तीही नाही."

बाईंनी कुंडीतल्या झाडाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "वाघानं काय केलं न्हाई मला. नुसतं दूध प्याला." आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझ्यातून; सवयीने मी अजून नाकावरच होतो. मॅडम जवळ बसलेल्या, म्हणून मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो हसला नाही.

"किती वेळ?" मॅडमनी विचारलं.

हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

"लई वेळ, ताई," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "कॅन वीस लिटरची हुती."

मग त्या रडल्या. माझ्या दोन्ही काचा धुक्याने भरल्या. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. इतक्या आठवड्यांत प्रथमच त्यांनी मला कुणाच्या देखत काढलं होतं.

"मधीच सोसंना झालं तर?"

"हात वर करायचा. मी थांबणार. करून बघू या का? आज आठवण काही काढायची नाही. नुसतं मला थांबवून बघायचं."

मॅडमची बोटं हलू लागली. बाईंची नजर त्यांच्यामागे गेली, डावीकडे, उजवीकडे. हात वर. बोटं थांबली. पुन्हा सुरू. हात वर. थांबली. बाईंनी फसवून पाहिलं, नुसती करंगळी उचलली. बोटं तरीही थांबली. असं अकरा वेळा झालं. मॅडमनी एकदाही "आता पुरे" म्हटलं नाही. बाराव्या खेपेला बाईंचा हात उचलला गेला, हवेत जरा रेंगाळला आणि आपणहून मांडीवर परत आला. बोटं चालत राहिली. नजरही.

बाहेर गोरक्षभाऊ दोन्ही चपला हातात घेऊन उभे होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पुढल्या मंगळवारी परत यायचंय," बाई म्हणाल्या.

"आन् घरी?"

"ते नंतर बघू. आदी मंगळवार."

मित्रांनो, त्या घरी जातील की नाही, मला माहीत नाही. मला काळजी वाटते. ती माझ्या काचेतच आहे. हल्ली मी फक्त पेपर वाचताना नाकावर असतो आणि बाकी वेळ डबीत. हा अपमान मला मान्य आहे. तुम्हाला एकच विनंती. ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही असं माणूस घाबरलेलं दिसलं, तर त्याला चष्मा देऊ नका, विनोदही सांगू नका. किती वेळ चाललं होतं, एवढं विचारा. आणि त्याने हात वर केला, नुसती करंगळी जरी उचलली, तरी थांबा.