फिल्टरच्या डब्यातल्या शेंगा

छिंग-हुईनं गाडीतल्या एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडवल्या, झाकण उचललं आणि तो तसाच वाकून राहिला. आत भुईमुगाच्या शेंगा होत्या. कागदी फिल्टर कुरतडलेला, त्याच्या चिंध्यांचं घरटं, आणि भोवती वाळक्या शेंगा खच्चून भरलेल्या. चढावर गाडीला धाप का लागत होती, ते आता कळलं.

आणखीही काही कळलं. अंगणात वाळत घातलेल्या शेंगा कमी होतात, असं आई कधीपासून सांगत होती. युनलिन जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात घरोघरी शेंगांचे ढीग, चोरणार कोण? शेवटी तिनं शेजारच्या आ-श्यांगमावशीचं नाव घेतलं, तेही भर बाजारात. छिंग-हुईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या देखतच तो मावशीला म्हणाला होता, "मनावर घेऊ नका. वय झालंय, तिच्या काही लक्षात राहत नाही."

त्यानंतर आईनं शेंगांचं नाव काढलं नव्हतं. आज तो तिला तौलिऊ शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार होता. नुसतं बघून येऊ, म्हणाला होता.

आई दारात आली. अंगात इस्त्रीचा निळा सदरा, हातात कपड्यांची पिशवी.

"झाली का गाडी?"

"आई, जरा इकडे ये."

ती वाकली. एक शेंग उचलून तिनं कानाशी वाजवली, फोडली.

"आपल्याच आहेत. उंदरानं नेल्या होय."

"मला वाटलं..."

"मलाही वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. "कपाटंसुद्धा शोधली मी. म्हटलं, आपणच कुठं ठेवून विसरलो असू."

छिंग-हुई मुठीमुठीनं शेंगा बाहेर काढू लागला. आईनं पिशवी खाली ठेवून सूप पुढं धरलं. डबा रिकामा झाल्यावर त्यानं हवेची नळी आतून फडक्यानं पुसली.

"फिल्टर गेलाय. नवीन आणावा लागेल. तौलिऊला कळवतो, आज जमत नाही म्हणून."

"आणि नवीन बसवल्यावर?"

तो पुसलेली नळी पुन्हा पुसत राहिला.

आई आत गेली आणि चांगल्या शेंगांची टोपली भरून घेऊन आली.

"चल, शेजारी जाऊन येऊ."

"आत्ता? कशाला?"

"मी तिला चोर म्हटलं, तू मला वेडी. माफी नको मागायला?"

त्यानं हात पुसले, टोपली घेतली. 

"आई, तुझी..."

"आधी तिची," पायात चपला सरकवत ती म्हणाली. "माझी नंतर माग. मी काय, घरातच आहे."