निहार बोलला

ऊर्मिलाचा नवरा निहार म्हणजे पक्का मुखदुर्बळ. सासूबाई पुण्याहून फोनवर सुनेला टोमणे मारायच्या, तेव्हा हा पठ्ठ्या शेजारी बसून मटार सोलायचा. आज कोर्टात मात्र ऊर्मिलाची सगळी भिस्त त्याच गप्प बसण्यावर होती.

जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या एका पार्टीत पंच नावाचं फळांचं पेय होतं. "अगं, सरबत आहे नुसतं. मी बिअर घेतलीय, तू चालव," म्हणत निहारनेच तिच्या हातात किल्ली दिली. रस्त्यात पोलिसांनी अडवलं, रक्त तपासलं, लायसन्स काढून घेतलं, आणि सरबतातून रम निघाली. तिला हे ठाऊक नव्हतं, एवढं कोर्टाला पटलं तर लायसन्स लवकर परत मिळण्याची आशा होती. नाहीतर गाड्या चालवून ब्रेक तपासायची तिची नोकरी गेलीच. निहारवरही ठपका येऊन त्याचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज अडकू नये म्हणून किल्लीचं तिने वकीलबाईंनाही सांगितलं नव्हतं.

जजबाईंनी निहारला नीट समजावलं, "तुम्ही पती आहात. पत्नीच्या खटल्यात साक्ष द्यायचं बंधन नाही. गप्प बसू शकता."

ऊर्मिलाच्या जिवात जीव आला. गप्प बसणं तर त्याला झोपेतही जमतं.

निहारने घसा खाकरला. "त्यात रम आहे, चालवू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. तिने ऐकलं नाही." अस्खलित जर्मनमध्ये, एकदाही न अडखळता.

लायसन्स रद्द झालं. दारू पिऊन गाडी चालवल्याची ही शिक्षा आता कोर्ट फ्लेन्सबुर्गच्या वाहन खात्याला कळवणार, आणि ती तिच्या नावावर तिथे वर्षानुवर्षं राहणार.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर निहार म्हणाला, "आल्झो... म्हणजे, समजून घे ना. तू किल्लीचं सांगशील अशी भीती वाटली मला."

"दहा वर्षं संसार केला तुझ्याशी, आणि एवढंच ओळखलंस मला?" ती म्हणाली. परका कुणी असं वागला असता तर इतकं लागलं नसतं.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर सासूबाईंचा फोन आला. "काय रे, काय झालं? आमच्या घरातल्या बायकांनी असले धंदे कधी केले नव्हते हो!"

ऊर्मिलाने निहारकडे पाहिलं. तो काचेबाहेर बघत गप्प बसला.

"आई," ऊर्मिला म्हणाली, "सरबत आहे म्हणून सांगून किल्ली ह्यानेच दिली होती. बाकीचं त्यालाच विचारा. आज तो चांगला बोलतोय."

आणि दार उघडून ती बसस्टॉपकडे निघाली.