पार्वताबाई चुकली

तू तेव्हा आठ महिन्यांची होतीस. भंगाराच्या आवारात, लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजायचीस. लोखंड आदळलं तरी जागी व्हायची नाहीस, आवाज थांबला की मात्र रडायचीस.

आवार तुझ्या आजीचं, पार्वताबाईचं. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत भंगाराची वीसेक दुकानं, त्यात बाईमाणसाचं हे एकच. त्या वर्षांत माल फार यायचा. बार्शीटाकळीकडून, पातूरकडून शेती सोडणारी माणसं डिझेल इंजिनं, पाइप, बंडीच्या चाकांच्या धावा घेऊन यायची. आजी आधी त्यांना चहा पाजायची, मग लोखंडाकडे पाहायची.

तिला अक्षर येत नव्हतं. पण गाडी खाली झाली की पहिला हात तिचा. पाटावर बसून ती एकेक नग उचलायची, पान्ह्यानं ठोकून कान द्यायची आणि सांगायची, हे बीड, हे पितळ, हे शिसं. तिनं सांगेपर्यंत कुणी हातोडा उचलायचा नाही, असा आमच्याकडचा नियम. बाकीचे दुकानदारही अडलं की नग घेऊन तिच्याकडेच यायचे.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल आला. त्यात गुळाच्या ढेपेएवढं एक गोल भांडं होतं, चहूबाजूंनी बंद. एवढंसं, पण तुझ्या बाबांना आणि हमालाला मिळून उतरवावं लागलं. आजीनं ते कलतं केलं, पान्हा मारला. आवाज बद्द आला.

"शिसं हाय," ती म्हणाली. "वरून लोखंडाचं टरफल अन् आत शिसं. फोड, कुलदीप."

तुझे बाबा छिन्नी घेऊन बसले. मी तुला झोळीतून काढत होते, तेवढ्यात भांड्यावर नजर गेली. गंजात अर्धा उरलेला पिवळा पत्रा, त्यावर काळा ठिपका आणि ठिपक्याभोवती तीन पाती. बारावीला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ते चित्र होतं. आणि आदल्याच वर्षी पेपरात वाचलं होतं, दिल्लीच्या भंगार बाजारात असंच काहीतरी कापलं गेलं, माणसांची कातडी काळी पडली, एक जण गेला.

"थांबा," मी म्हणाले. "फोडू नका ते."

"काहून?" तुझे बाबा म्हणाले.

"आत किरणं सोडणारी वस्तू असते. दिसत नाही, वास येत नाही, पण माणूस आतून भाजतो. हे चित्र त्याचंच आहे."

"पंख्याचं चित्र हाय ते," बाबा हसले. "पंख्याच्या कारखान्याचा माल असन."

मजूरही हसले. आजी हसली नाही. सहा माणसांसमोर तिचा शब्द आजवर कुणी खोडला नव्हता, आणि माझ्या तर लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

"म्हंजे माहा हात खोटा म्हणते तू?"

"नाही, आत्याबाई. तुमचा हात खराच आहे. शिसंच आहे ते. पण मला सांगा, एवढं महागाचं शिसं कुणी उगाच ओततं का? मधात काहीतरी आहे. त्याला कोंडून ठेवायला ओतलंय."

पान्हा आजीच्या हातातच राहिला. बराच वेळ ती त्या भांड्याकडे पाहत होती, जणू त्यानं तिला फसवलं होतं.

"छिन्नी ठेव, कुलदीप."

"आई, तू बी?"

"ठेव म्हनलं ना. अन् समदे भायेर निघा. लेकरू आधी."

तुला पोटाशी धरून मी पहिली बाहेर पडले.

कॉलेजातल्या जुन्या सरांना मी फोन केला, त्यांनी कलेक्टर कचेरीत कळवलं. पोलिसांनी आवाराला दोर बांधला. आम्ही पलीकडच्या गल्लीत ओळखीच्यांकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी मुंबईहून दोन सरकारी साहेब किरणं मोजायचं यंत्र घेऊन आले. तासभर मोजलं. भांडं शाबूत होतं, किरणं अडवणारी आतली झडप बंद होती, आम्हा कुणाला काही झालेलं नव्हतं.

"छिन्नी आत गेली असती तर, साहेब?" तुझ्या बाबांनी विचारलं.

थोरल्या साहेबांनी झोळीकडे पाहिलं. "नाही गेली ना. बरं झालं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी कागद काढला. कारखान्यात अशी दोन भांडी होती. दुसरं कुठंय?

गाडीवाल्यानं उरलेला माल याच गल्लीत उतरवला होता, पण कुणाकडे, ते त्याला म्हणे आठवत नव्हतं. पोलीस दुकानोदुकानी फिरले. सगळे नाही म्हणाले. आमच्या दारावरचा दोर सगळ्यांना दिसत होता. आपलंही दुकान बंद पडेल ही धास्ती. शिवाय हमालांनी पहिल्याच दिवशी गल्लीभर सांगितलं होतं, पार्वताबाईनं त्याला शिसं म्हटलं. तिनं म्हटलं म्हणजे गल्लीला तेवढं पुरे होतं. सूनबाई शिकलेली, घाबरली, असं लोक म्हणत होते.

हे आजीच्या कानावर आलं. रात्री ती जेवली नाही. सकाळी नवं लुगडं नेसली आणि चहाच्या टपरीवर गेली, जिथं दुकानं उघडण्याआधी सगळे जमतात. तुला कडेवर घेऊन मी मागे.

"आयका," आजी म्हणाली. "मी चुकली."

समोरच्या दुकानाचे अन्सारभाई हसले. वीस वर्षं तिच्याशी भांडण आणि चहा दोन्ही चालू असलेला माणूस. "पार्वताबाई, तुमी अन् चुकल्या? लिहून द्या, दुकानात टांगतो."

"टांग. लिहून माही सून देते. मी शिसं म्हनलं, पन ते नुसतं शिसं नव्हतं. माह्या हाताले वजन समजते, आतलं समजत नाई. ते हिले समजलं. हिचं आयकलं नसतं त माही नात..." तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य सोडून दिलं. "माह्या शब्दावर कोनी तसलं भांडं ठेवलं असन त फोडू नका. दुकान चार रोज बंद राहीन. माहं बी हाय बंद."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. अन्सारभाईंनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"माह्या मागच्या शेडात हाय," ते म्हणाले. "गॅसकटरवाला येऊन राहिला दुपारी. उजैर कापून घेनार होता."

उजैर त्यांचा धाकटा भाऊ.

"किती घाव बसले?" आजीनं विचारलं.

"दोन. वरवरचेच."

आजीनं त्यांना एकही टोमणा मारला नाही. "उजैरले फोन लाव, तसाच भायेर निघ म्हन. पोलिसाले मी सांगते... नाई, तू माह्यासंग चाल. दोघं सांगू." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू इथंच थांब. लेकराले घेऊन तिकडं येऊ नको."

मी थांबले. दुकानदार आपापल्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. आजी पुढे, पदर खोचलेला, पाठ ताठ. अन्सारभाई मान खाली घालून तिच्या मागे. जिचा हात कधी चुकत नाही म्हणून ही गल्ली तिला मानत होती, ती सगळ्यांना चुकले म्हणून सांगून गल्लीच्या मधोमध चालली होती.

तुला काही कळत नव्हतं, तू माझ्या गळ्यातली पोत ओढत होतीस. तरी मी तुझं तोंड तिकडे वळवलं आणि कानात म्हटलं, "पाह्य बाई, तुही आजी चालली."