गाडीचं कपाळ

शहरात साखरपुडा म्हणा, टिळा म्हणा, नाहीतर सुपारी फोडणं म्हणा, शेंद्र्याकडचा माणूस सोयरीक पक्की झाली का हे एकाच वाक्यात विचारतो: "पोरीला कुंकू लावलं का?"

सायलीला कुंकू लावायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं. दोन्ही वेळा नवरदेव विश्वजीतची मोटारसायकल शेंद्र्याहून सायलीच्या घरी हर्सूलला येताना वाटेत बंद पडली, मुहूर्त टळला, आणि मंडळी आल्या वाटेनं परतली. गाडी कुणाचीही बंद पडते. पण ही गाडी विश्वजीतला विकलेली होती सायलीच्या सख्ख्या भावानं, सोमनाथनं. तिथंच सगळं अडलं होतं.

सोमनाथचं गॅरेज उस्मानपुऱ्यात. जुनी गाडी घ्यायची आणि तिला असं नटवायचं की पहिल्या मालकानं ओळखू नये, ही त्याची हिकमत. ही दीडशे सीसीची गाडी त्यानं जीव लावून केली होती. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून घेऊन मोठा पिस्टन बसवला, सायलेन्सर बदलला, दुसऱ्याच कुठल्या गाडीची गोलमटोल टाकी चढवली आणि टाकीवर आरशासारखं चकाकणारं झाकण बसवलं. विश्वजीत गाडी बघायला आला तेव्हा सायली भावाचा डबा घेऊन आली होती. त्यानं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि अधूनमधून डब्याकडेही पाहिलं. पहिला सौदा त्याच दिवशी झाला. दुसरा घरच्यांनी मनावर घेतला.

आणि आता दुसरा सौदा पहिल्यापायी मोडायला आला होता.

विश्वजीतची आई केसरबाई बोलायला मोजकी, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधायला घरी जावं लागे. दुसऱ्या वेळी गाडी बंद पडल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "कंपनीत जाती, पैठणला जाती, मामाच्या शेतावर जाती. तुमच्याच वाटंला कामून रुसती, ते तुम्हीच बघा." तिचा भाऊ कडूबा मात्र मोजून बोलणाऱ्यातला नव्हता. त्यानं चार माणसांत सांगून टाकलं, "गाडी देताना खोट लपवली त्यानं. मग पोरगी देताना काय काय लपवलं आसंल?"

हे वाक्य हर्सूलला पोचायला वेळ लागला नाही. सोमनाथची आई सत्यभामाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सायली जेवली, पण ताट घासताना इतका आवाज करत होती की शेजारीण विचारायला आली.

सोमनाथनं गाडी गॅरेजात आणून ठेवली. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, भर उन्हात फुलंब्रीपर्यंत पळवून आणली. गाडीनं साधा ठसका दिला नाही. घरात तापानं फणफणलेलं पोरगं दवाखान्याच्या पायरीवर टुणटुणीत होतं, तसला प्रकार. कडूबाचं म्हणणं ठाम होतं: पिस्टन गरम झाला की फुगतो, फुगला की जाम होतो, थोडा वेळ थांबलं की सुटतो. म्हणून तर रस्त्यात जरा उभी राहिली की गाडी पुन्हा चालू होते. आणि वाईट हे, की कडूबाचं म्हणणं खोटं आहे असं सोमनाथला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. बोअर करताना पिस्टनभोवतीची फट केसभर कमी राहिली असेल तर नेमकं असंच होतं. घास तोंडात आणि मन सिलिंडरमध्ये, असं त्याचं चाललं होतं.

तिसरी तारीख ठरली ती अटीवर. कडूबाची अट: गाडी याही वेळी बंद पडली तर इंजिन सोमनाथच्याच अंगणात, सगळ्यांसमोर खोलायचं. कुंकवाचं मग बघू. सोमनाथनं मान डोलावली आणि आपलीही एक अट घातली.

"बंद पडली तर हात लावायचा नाय. किक नाय, ढकलणं नाय, झाकण उघडून पेट्रोल बघणं नाय. जिथं हुभी राहील तिथून मला फोन करा."

"काहून?" कडूबानं विचारलं.

"रोगी आजारी आसतानाच बघायचाय मला. बरा झाल्यावर लई बघितला."

रविवारी सकाळी सत्यभामाबाईंनी पोहे भिजवले, सायलीनं हिरवी साडी नेसली, आणि फोन वाजला. विश्वजीतचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "दादा, चिकलठाण्याच्या पुढं हाय आपण. बंद पडली."

सोमनाथनं पान्यांची पिशवी स्कूटरला अडकवली. सायली दारात उभी होती. त्याला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

जालना रोडच्या कडेला कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत मंडळी उभी होती. मागे कडूबाची जीप. केसरबाई जीपमधून उतरून पदर सावरत गाडीपाशीच येऊन थांबली होती, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. विश्वजीतच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता.

"हात लावला का कुणी?"

"नाय दादा. आईची शपथ."

"आईची शपथ आई हुभी आसताना खाऊ नये," केसरबाई म्हणाली.

कडूबा हाताची घडी घालून पुढे झाला. "मार किक. बघू पिस्टन काय म्हणतो ते."

सोमनाथ गाडीशेजारी उकिडवा बसला. किक पायानं मारली नाही. तळहात ठेवून हळूहळू दाबली. सगळं इथंच होतं. पिस्टन जाम असेल तर किक दगडासारखी अडेल, आणि अडली तर त्याचं गॅरेज, त्याचा शब्द आणि घरातली हिरवी साडी, तिन्ही एकदमच जातील. किक जड लागली. मग ती सावकाश, भरल्या वजनानं खाली गेली आणि सोडल्यावर वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा तशीच. पिस्टन मोकळा होता.

त्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. अर्ध्या निदानावर हसणारा पुढे तोंडघशी पडतो.

प्लग काढून इंजिनाला टेकवला, विश्वजीतला किक मारायला लावली. ठिणगी निळी, टपोरी. करंट होता. मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. पेट्रोलची धार पडायला हवी. एक थेंबही नाही. टाकीला हलवलं, आत पेट्रोल चांगलं डचमळलं. नळी उपसली. दोन थेंब टपकले आणि बंद.

"टाकी भरलेली अन् पेट्रोल येईना?" कडूबा वाकला. "आसं कसं?"

सोमनाथची नजर नळीवरून वर सरकली, टाकीवरून झाकणावर गेली आणि तिथंच थिजली.

चकचकीत झाकणाच्या बरोबर मधोमध कुंकू होतं. नुसता ठिपका नव्हे. ओल्या हळदीकुंकवाचा जाड, गुळगुळीत टिळा, वर चार अक्षता चिकटवलेल्या. उन्हानं वाळून घट्ट पापडी झालेला. त्याच्याखाली एक बारीक भोक होतं. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. नाही आली तर पेट्रोल आतच अडकून राहतं. आणि ते भोक एकच होतं, कारण कंपनीचं जुनं, चार बाजूंनी हवा घेणारं झाकण दिसायला भिकार म्हणून सोमनाथनंच ते काढून हे नटवं झाकण बसवलं होतं.

"हे रोज लावता व्हय?" त्यानं विश्वजीतला हळूच विचारलं.

"रोज नाय. शुभ कामाला निघालं की आई लावती. घरी गेलो की पुसतो मी, कंपनीच्या गेटवर पोरं हसतात."

सगळा हिशोब लागला. कंपनीत जाताना गाडी कोऱ्या कपाळानं जायची, म्हणून चालायची. गॅरेजात पुसून यायची, म्हणून तिथंही चालायची. आणि बंद पडली की विश्वजीत पहिल्यांदा झाकण उघडून पेट्रोल बघायचा. हवा आत शिरायची, गाडी चालू व्हायची, आणि सगळे म्हणायचे, थंड झाली म्हणून सुटली. सायलीच्या वाटेवर गाडी रुसत होती ती सायलीसाठीच लावलेल्या कुंकवानं.

सोमनाथनं मान वर केली. केसरबाई त्याच्याकडेच बघत होती.

सांगायचं कसं? बाई, तुमच्या हातचं कुंकू अपशकुनी निघालं, असं बहिणीच्या होणाऱ्या सासूला भर रस्त्यात, तिच्या भावासमोर, लेकासमोर? त्यापेक्षा पिस्टन जाम निघाला असता तर बरं होतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं अंगठ्यानं टिळा खरवडला आणि झाकण फिरवलं. टाकीनं लांब सुस्कारा सोडला. नळीतून पेट्रोलची धार लागली.

"काय व्हतं?" कडूबा.

"झाकण," सोमनाथ म्हणाला. "माझं झाकण चुकलं. बदलून देतो."

झालं. कडूबाला तेवढंच पाहिजे होतं. "म्हंजे खोट हाय! ऐकलं का अक्का? सोताच्या तोंडानं बोलला. पिस्टन नाय तर झाकण. आज झाकण, उद्या काय निघंल?"

केसरबाई जीपकडे वळली. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "निघालोच हाय तर त्यांच्या घरचं पाणी पिऊन जाऊ." पाणी पिऊन. कुंकवाचं नाव नाही.

हर्सूलला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पोहे आले, बशा हातात राहिल्या. कडूबा दर घासाला झाकण हा शब्द चावत होता. सोमनाथ हात धुवायला आत गेला तर सायली मोरीच्या दारात आडवी उभी.

"दादा, अंगठ्याला कुंकू कशाचं?"

त्यानं सांगितलं. दबक्या आवाजात, चार वाक्यांत.

"मग बाहेर का नाय सांगितलं?"

"येडी का खुळी तू? सांगून सोयरीक टिकती व्हय?"

"अन् लपवून टिकली तर?" सायली दारातून हलली नाही. "तेच तर म्हणत्यात ते आपल्याला. लपवणारे. मला त्या घरात जल्मभर राहायचंय दादा. तुझं काय, तू झाकण बदलून मोकळा."

तो अडवायच्या आत ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर गेली. पोरीनं आपणहून ताट घेऊन यावं ही रीत नव्हती. सत्यभामाबाईंच्या हातातली किटली वाकडी झाली, चहा बशीत सांडला.

सायली खुर्च्यांकडे गेलीच नाही. गाडीपाशी थांबली. "मावशी, जरा इकडं येता?"

केसरबाई उठली. मागोमाग सगळं अंगण उठलं.

"हे बारीक भोक दिसतंय? ह्यातून गाडी हवा घेती. हे तिचं नाक हाय." सायलीनं झाकणावर बोट ठेवलं, मग ते पुढच्या दिव्यावर नेलं. "अन् कपाळ हे. तुम्ही मायेनंच लावलं, पण नाकात लावलं."

कडूबानं तोंड उघडलं. केसरबाईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला, तोंड मिटलं.

"म्हंजे तिन्ही टायमाला माझ्यामुळं बंद पडली?"

सोमनाथनं सायलीला डोळ्यानं खुणावलं.

"अर्धं तुमच्यामुळं," सायली म्हणाली. तिची नजर खाली गेली नव्हती. "अर्धं दादामुळं. नखरेल झाकण बसवलं अन् भोक एकच ठेवलं. साधं झाकण आसतं तर तुमचं कुंकू पचलं आसतं."

केसरबाईनं भोक पाहिलं. डोळे बारीक करून, वाकून, तांदूळ निवडावा तसं पाहिलं. मग सोमनाथकडे वळली. "रस्त्यात तुला समजलं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलला कामून नाय?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"अन् हिला नाय वाटलं मला वाईट वाटंल म्हणून?"

विश्वजीत हँडल घट्ट धरून उभा होता, जणू गाडी पळून जाईल.

"कडूबा," केसरबाई म्हणाली, "तू म्हणत व्हता हे लोक लपवत्यात. ही तर पोटात काय ठिवंना. आता ह्याला काय म्हणतो?"

"म्या काय म्हणणार अक्का," कडूबा पुटपुटला. "म्या झाकणाचं बोलत व्हतो."

केसरबाईनं ताटात बोट बुडवलं. पहिल्यांदा गाडीच्या दिव्याला ठिपका लावला, बारीक, जपून. मग तेच बोट पुन्हा कुंकवात बुडवून सायलीच्या तोंडासमोर आणलं आणि मधेच थांबवलं.

"नीट सांग बाई आधी," ती म्हणाली. "हे कपाळच हाय ना? नंतर म्हणशील, सासूनं नाकात लावलं."