लाल दाढीचं देवधान

मित्रांनो, तुमच्या वहीची पानं उलटली की फडफडतात. माझी उलटली की चुरचुरतात. मी लाखांदूरच्या एका कॉलेजातली वाळल्या झाडांची जुनी वही आहे. माझ्या पानापानांत झाडं झोपली आहेत, आणि प्रत्येकाच्या उशाशी त्याचं नाव आहे.

मला शिवलं सेवकराम सरांनी. जाड कागद, कोष्ट्याच्या घरचा सुती दोरा, आणि कीड लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला. मुलं रानातून, तळ्यावरून डहाळ्या आणत. शास्त्रीय नावं म्हणताना त्यांच्या जिभा अडखळत. सर हसून म्हणायचे, "नाव घोकू नका रे. नावाले विचारा, बापा तू कोण?"

मग नावं बोलू लागत. पळसाच्या शेंगेत एकच बी, म्हणून तो मोनोस्पर्मा, एका बीचा. तेंदूचं लाकूड आतून काळं, म्हणून तो मेलॅनोझायलॉन, काळ्या लाकडाचा. मोहाचं मधुका हे नाव तर आपल्याच मधूकावरून परदेशी गेलेलं!

शास्त्रीय नावाखाली सरांनी आणखी दोन ओळी आखल्या होत्या: गावचं नाव, आणि ते कोणी सांगितलं. त्या भरायच्या तर मुलांना घरी आयांपाशी जावंच लागे.

काय दिवस होते ते! पुढे सर निवृत्त झाले. मुलं मोबाइलवर झाडांचे फोटो काढू लागली. मी कपाटाच्या तळाशी, फुटक्या परीक्षानळ्यांखाली गेले.

गेल्या उन्हाळ्यात तेजस्विनी नावाच्या विद्यार्थिनीने मला बाहेर काढलं, ओढणीने पुसलं आणि एसटीने आपल्या गावी, आजीच्या मदतीला नेलं.

तिथलं तळं आटलं होतं. गाळ काढायला जेसीबी आला होता. एका कोपऱ्यात तिची आजी राधाबाई ठाण मांडून बसली होती, आणि तळ्याच्या समितीचे अध्यक्ष चंद्रकुमार वैतागले होते.

"काकू, सुकल्या गवतासाठी कायले अडून राहिली?"

"गवत नाही गा, देवधान आहे. बी या गाळातच निजून आहे. हे खरडलं तर ऋषिपंचमीले आम्ही काय खावं? तुया जेसीबी?"

ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. त्यांना लागतं हे आपोआप उगवणारं धान. पण भर उन्हाळ्यात कणीस दाखवणार कुठून?

तेजस्विनीने माझं पान उघडलं. तिथे ते होतं, लांब कुसळांसकट. तिने वाचलं, "ओरायझा रुफिपोगॉन. ओरायझा म्हणजे भात, रुफिपोगॉन म्हणजे लाल दाढीचा. कुळ, गवताचं."

"पाहा! शेवटी गवतच निघालं!" चंद्रकुमार म्हणाले.

"मंग तुया ताटातला भात कोणत्या कुळाचा आहे, अध्यक्षसाहेब?" राधाबाईने विचारलं. जेसीबीचा ड्रायव्हरही हसला.

"काका, खालचं तुम्हीच वाचा," तेजस्विनीने मला पुढे केलं.

चंद्रकुमारांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं, तेहतीस वर्षांपूर्वी सरांचे विद्यार्थी असतानाचं. "गावचं नाव: देवधान. कोणी पेरत नाही, म्हणून देवाचं. दाणा पाण्यात गळू नये म्हणून बायका हिरवी कणसं एकमेकांना बांधून ठेवतात. सांगणारी: ललिताबाई, माझी आई."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, ते हललंच नाही.

"तुयी माय अन् मी तळ्यात एकाच डोंग्यात बसून गाठी मारत होतो गा," राधाबाई हळू आवाजात म्हणाली. "तिच्या हातून गळलेलं बी आहे इथं."

चंद्रकुमारांनी ड्रायव्हरला हात केला. "एवढा कोपरा सोड, भाऊ."

दिवाळीनंतर तेजस्विनीने माझ्यात देवधानाची ताजी काडी टाकून टाके घातले. कुसळांची दाढी अगदी लाल होती.

मित्रांनो, माझ्या सतरा पानांवर गावच्या नावाची ओळ अजून कोरी आहे. त्या झाडांची नावं सांगणारीला वेळेवर कोणी विचारलंच नाही. मला कसर लागू देऊ नका, आतला कडुनिंब बदलत जा. आणि तुमच्या गावात एखादी राधाबाई अजून बसलेली असेल, तर आजच तिच्यापाशी जा. शाई नसली तर पेन्सिलही चालेल.