मधली चौकट

लुझीनने ओली गोधडी ओढ्यातून वर ओढली, खडकावर पसरली आणि तिच्यावर उभी राहून पायांनी पाणी काढू लागली. तिच्या जुन्या साड्या, लेकीचे परकर, नवऱ्याच्या फाटक्या लुंग्या, सगळं एकावर एक शिवलेलं. अशी गोधडी कुणाला द्यायची तर आधी धुवायची. जुन्या कपड्यांत घरातली भांडणंही मुरलेली असतात. लुझीनने ती जरा जास्तच तुडवली.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या लेकीने, जुलियानने, पलीकडच्या वाडीतल्या मुसलमान सिद्दी मुलाशी लग्न केलं होतं. दोन्ही वाड्यांत आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचीच वस्ती, ही ख्रिस्ती, ती मुसलमान; जंगल एक, ढोल एक, पूर्वजही बहुधा एकच. पण लुझीनच्या नवऱ्याच्या, बस्त्यांवच्या मते स्वर्गाचे दरवाजे वेगळे होते, आणि त्यांवर पहारा ठेवायचं काम आपलंच आहे असं त्याने ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून त्याने लेकीचं नाव घेतलं नव्हतं. आता तिला मुलगी झाली होती. गोधडी पाठवायला त्याची ना नव्हती; फक्त मधोमध क्रूस हवा, नाहीतर ती या घरातून जाणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

लुझीनने लाल क्रूस शिवला. धुवायला नेण्याआधी उसवला. मधली चौकट कोरी राहिली.

दुपारी जुलियानची सासू हसीनाबी गोधडी न्यायला आली. बस्त्यांव पाठ फिरवून ओसरीवर दोर वळत बसला. लुझीन कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीच्या कोपऱ्यांना चिंध्यांची फुलं शिवत होती. फुलांवाचून गोधडी नागडी दिसते, आणि नागडी गोधडी कुणी कुणाला देत नाही.

हसीनाबीने मधल्या चौकटीतल्या सुईच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"इथलं काय उसवलंस गं?"

"काही नाही. तुमच्यात चांद लावतात ना? लावून घ्या."

"शिवलीस तू आणि चांद मी लावू? तुझं जे होतं तेच लाव. पोरीला काय, ती दोन्हींवर मुतणार."

लुझीनला हसू आलं. तिने ओसरीकडे पाहिलं आणि ते गिळलं. मग दोघी एकमेकींना आग्रह करत राहिल्या, पंगतीत शेवटचा मासा कुणी घ्यायचा त्यावरून चालतो तसा. चौकट तशीच राहिली. लुझीनने शेवटच्या फुलाचा दोरा दातांनी तोडला.

"नाव काय पोरीचं?" बस्त्यांवने विचारलं. पाठ तशीच.

हसीनाबीने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"ठेवलं नाही अजून. आजोबा विचारतील म्हणून जुलियान थांबलीय. मौलवी दोनदा चहा पिऊन परत गेले."

बस्त्यांव उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात चर्चला जायचा सदरा होता. त्याने कुंपणावरची गोधडी उतरवली. ती उचलताना एकदा मधल्या चौकटीकडे पाहिलं.

"वाळली नाही हो अजून," लुझीन म्हणाली.

"वाटेत वाळेल," तो म्हणाला, आणि गोधडी खांद्यावर टाकून हसीनाबीच्या पुढे चालू लागला.