ओटीतली लिली

माळ्यावर डोकं घातलेले रघुपती आचार बराच वेळ बाहेर आले नाहीत. शिडीवर त्यांचे नुसते पाय दिसत होते. खाली शिडी धरून जयतीर्थराव उभे होते आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या धाकट्या भावाची बायको, चंद्रमती. त्याच आठवड्यात स्वामीजी पाद्यपूजेला या घरी यायचे होते. त्याआधी मठाचे कारभारी येऊन घर तपासून जातात, अशी रीत. विहीर पाहतात, चूल पाहतात, सोवळ्याची दांडी पाहतात. माळा पाहिल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण रघुपती आचार कामाला चोख होते.

शेवटी ते उतरले. हातात ताडाच्या पानांची टोपली होती. मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा, तशी ती त्यांनी अंगापासून लांब धरली होती.

“राव,” ते जयतीर्थरावांना म्हणाले, “घरात वेंगायम हाय.”

वेंगायम म्हणजे कांदा. तंजावूरच्या माध्व घरांत ही वस्तू शिजवत तर नाहीतच, पण तिचं नावही मराठीत घेत नाहीत. तमिळमध्ये घेतलं की विटाळ थोडा कमी होतो.

टोपलीत कांदे नव्हते. लिलीचे गड्डे होते. तपकिरी सालीचे, मानेकडे निमुळते, एकेक मुठीत न मावणारा. दिसायला थेट कांद्यासारखे, हे मात्र कबूल करायला हवं. वैशाखात त्यांना हातभर दांडा फुटे आणि त्यावर कर्ण्यासारखी लाल फुलं येत, प्रत्येक पाकळीच्या मधोमध पांढरा पट्टा. पानं मागाहून, फुलांना बघायला आल्यासारखी. चंद्रमतीला ते तिच्या आईने ओरत्तनाडूहून दिले होते, आईला तिच्या आईने. मूळ म्हणे राजवाड्याच्या बागेतलं. तंजावूरच्या प्रत्येक मराठी घरात राजवाड्यातली एक तरी वस्तू असते: मूठ नसलेली तलवार, बूड नसलेलं तपेलं, निकाल नसलेला दावा. चंद्रमतीच्या माहेरी जी आली, ती निदान फुलत तरी होती.

तिच्या माहेरची रीत अशी, की मुलीची पाठवणी करताना ओटीत तांदूळ, नारळ आणि हळकुंडांबरोबर ओंजळभर गड्डे घालायचे. मुलगी जाईल तिथे तिने आधी वाफा करायचा आणि मग संसार मांडायचा. चंद्रमती एकुलती एक. आई गेली, ओरत्तनाडूचं घर विकलं गेलं. आता जे काही होतं ते या टोपलीत होतं. आणि तिच्या मुलीचं, भामाचं, लग्न वैशाखातच ठरलं होतं.

वल्लम रस्त्यावरचं हे घर म्हणजे तांबडा मुरूम आणि ऊन. कावेरीचं पाणी गावाला. या बाजूला कावेरीचं फक्त कौतुक. इथे तुळसही दोनदा जळली होती. पण गड्ड्यांना ही माती मानवली. इकडे पाऊस कार्तिकात. तो सरला की पौषात चंद्रमती ते उकरून काढी. पानं कापायची नाहीत, आपसूक पिवळी पडू द्यायची. मग राख चोळायची आणि टोपली माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला, धूर लागेल अशी ठेवायची. चैत्र संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आई म्हणायची, पाणी तोडलं की गड्डा रागावतो, आणि रागावलेलाच फुलतो. चंद्रमतीने हे आजवर बागेपुरतंच घेतलं होतं.

ते लिलीचे गड्डे आहेत, असं तिने खांबाला सांगितलं. थोरल्या दिराशी ती लग्न झाल्यापासून कधी थेट बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की ओसरीच्या खांबाला सांगायची. खांबाकडून ते जयतीर्थरावांना कळे, आणि उत्तर तिच्या नवऱ्याच्या नावाने येई. नवरा, सेतुमाधव, तालुका कचेरीत कारकून. कचेरीला निघण्यासाठी तो छत्री घेऊन दारात उभा होता. चंद्रमतीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छत्रीकडे पाहिलं.

एक गड्डा चिरून बघा, असं ती खांबाला म्हणाली.

“चिरतो की,” रघुपती आचार म्हणाले. “वास कोण घेणार?”

प्रश्न बिनतोड होता. हा कांदा नव्हे असं वासावरून सांगायचं, तर कांद्याचा वास ठाऊक हवा. आणि तो ठाऊक आहे असं म्हणणाऱ्याच्या घरी स्वामीजी पाणीसुद्धा घेणार नाहीत. ओसरीवर एव्हाना शेजारचे सभ्य गृहस्थ जमले होते. त्यांतल्या प्रत्येकाने बाकीच्यांना स्टेशनजवळच्या कॉफी क्लबात, संध्याकाळच्या वेळी, कांद्याच्या बज्जीच्या बशीवर वाकलेलं पाहिलं होतं. तिथे कुणी कुणाला ओळख दाखवत नसे. आज ते सगळे छताची वासे-पट्टी तपासत होते. छत चांगलं होतं.

जयतीर्थराव सब-रजिस्ट्रार म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या हयातीत त्यांनी दुसऱ्यांची खतं खरी ठरवून दिली होती. स्वामीजींनी या घराला पाय लावावेत म्हणून ते कुंभकोणमला किती खेटे घालून आले होते ते त्यांच्या वहाणांनाच ठाऊक. त्यांनी सेतुमाधवाला उद्देशून समजुतीने सांगितलं, की संशय आला म्हणजे वस्तू गेलीच. बंगळूरहून नवे गड्डे मागवू. ओटीत नारळ असला की पुरे, शास्त्रात लिलीचा उल्लेख नाही.

मग आचारांकडे वळून ते म्हणाले, “अमी जन्मात वेंगायम बघितलं नाही. तुमी म्हणता म्हणजे तेच.”

चंद्रमतीने खांब सोडला. ओसरीवर आली, आणि पदर सावरून दिराच्या समोर उभी राहिली.

“भावजी, मला वेंगायमाचा वास ठाऊक हाय. रोज सांजचा तुमच्या अंगवस्त्राला येतो. धुते मीच.”

कुणीतरी खोकलं. छताची तपासणी एकदम थांबली आणि सगळे जमिनीकडे पाहू लागले. जयतीर्थरावांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग दस्तऐवजाच्या कागदासारखा झाला.

रघुपती आचारांनी मात्र मुद्दा सोडला नाही. “बाईंना वास ठाऊक हाय तर,” ते म्हणाले. “बरं झालं, आधीच कळलं.”

आणि निकाल लागला. ज्याने कांदा खाल्ला त्याच्याबद्दल नव्हे. जिने वास ओळखला तिच्याबद्दल. पाद्यपूजा होईपर्यंत तिने चुलीला शिवायचं नाही, पुढच्या सोप्यात यायचं नाही. परसात गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचं. टोपली जाळायची, कारण अग्नी सगळं शुद्ध करतो.

अग्नीला ते काम जमेना. न्हाणीच्या चुलवणात टोपली भुर्रकन पेटली, साली पेटल्या. पण गड्डे आतून ओले होते. जळण्याऐवजी ते सूं सूं करत शिजू लागले. एकेक मध्येच फुटे आणि पांढरा रस निखाऱ्यावर सांडे. जयतीर्थराव स्वतः लाकडं सारत होते. दुपारभर परसात वास कोंडला होता. कडवट, हिरव्या गवताचा. कांद्याच्या वासाशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. कॉफी क्लबातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने त्या क्षणी शपथेवर साक्ष दिली असती, जर त्याला कुणी विचारलं असतं. कुणी विचारलं नाही. जयतीर्थरावांनी तर श्वासही तोंडाने घेतला.

शेवटच्या गड्ड्याची राख होईपर्यंत चंद्रमती तिथे उभी होती. रडली नाही. रडली असती तर घरच्यांचं काम सोपं झालं असतं. रडणाऱ्या बाईची समजूत घालता येते.

स्वामीजी आले. वृद्ध, थकलेले, मऊ आवाजाचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मंत्राक्षता देताना त्यांनी सहज विचारलं, धाकट्या घरची बाई कुठे दिसत नाही. जयतीर्थरावांनी हात जोडून, डोळे मिटून सांगितलं की ती बाहेरची आहे, शिवायची नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत चंद्रमतीला ते स्वच्छ ऐकू आलं. स्वामीजींच्या तोंडावर खोटं बोलायला सोवळ्यात असावं लागतं, ही माहिती तिला नवी होती.

वैशाखात भामाचं लग्न झालं. नवरा मुलगा कोइमतूरला कॉलेजात शिकवायचा. बंगळूरचे गड्डे काही आले नाहीत. आले असते तरी ते बंगळूरचेच. ओटी भरताना भामाने पदर पुढे केला. तांदूळ पडले, नारळ पडला. तरी ती पदर तसाच धरून राहिली.

“आई, गड्डे?” तिने हळूच विचारलं.

चंद्रमतीने पदराची गाठ मारली. इतकी घट्ट, की कोइमतूरला ती दातांनी सोडवावी लागली, असं भामाने पुढे कळवलं.

त्यानंतर घरात दोनच बदल झाले. एक, चंद्रमतीने दिराचं अंगवस्त्र धुणं बंद केलं. जयतीर्थराव रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत विहिरीवर ते स्वतः आपटत, आणि येणारा-जाणारा पाही. दुसरा, ती आता खांबाशी बोलत नव्हती. सार वाढू का, भात पुरे का, आज उशीर का झाला, सगळं ती दिराला थेट विचारी, डोळ्यांत बघून. आवाज चढवत नसे. निम्म्या जेवणावरून ते उठू लागले.

सेतुमाधवाला वाटलं, हळूहळू निवळेल. तो सरकारी नोकर होता. हळूहळू निवळेल ही त्याची सगळ्याच बाबतींत श्रद्धा होती. दिवाळी झाल्यावर चंद्रमतीने त्याला बाजारातून वेंगायम आणायला सांगितलं, मोड आलेलं मिळालं तर उत्तम. त्याने का म्हणून विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याने बायकोचं एक काम सांगितल्या दिवशी केलं. पिशवी मिटलेल्या छत्रीच्या आड धरून, वरून पाऊस कोसळत असताना, तो चिंब भिजत घरी आला.

लिलीचा वाफा पुढच्या अंगाला, फाटकाशी होता. त्यात तिने कांदे लावले. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या देखत.

हिरव्या नळ्या वर आल्या. वारा सुटला की ओसरीवर वास येई. जयतीर्थराव तिथेच आरामखुर्चीत बसत. ते काय आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. जन्मात कांदा पाहिला नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. न पाहिलेली वस्तू ओळखणार कशी? त्यांनी खुर्ची हलवली. मग वाराही हलला.

बहुतेक कांद्यांना फूल धरलं नाही. तंजावूरची थंडी कांद्याला पुरत नाही. पण पौष सरता सरता थोड्यांनी दांडे काढले, आणि दांड्यांच्या टोकांना पांढरे गोल गेंद आले. चांदण्या एकत्र बांधाव्यात तसे. दिसायला सुरेख होते. चंद्रमती रोज त्यांना पाणी घाली, पण फुलं आल्यावर कधी त्यांच्याकडे थांबून पाहत नसे.

मध्वनवमीच्या सकाळी रघुपती आचार पूजेसाठी फुलं गोळा करत त्या रस्त्याने आले. हातातली वेताची परडी अजून रिकामीच होती. फाटकाशी ते थबकले.

“राव, ही कुठली फुलं?”

जयतीर्थराव खुर्चीत सरळ झाले. रस्त्यावर माणसं होती, समोरच्या ओट्यावर माणसं होती. सब-रजिस्ट्रारने खतावर सही करण्यापूर्वी घ्यावा तेवढा वेळ त्यांनी घेतला.

“लिली,” ते म्हणाले.

“पांढरी? वा. देवाला बरी,” असं म्हणून आचार फाटकातून आत आले आणि वाफ्यावर वाकले. बोटं दांड्याला लागणार, एवढ्यात चंद्रमती दारातून बाहेर आली. ती नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं. मठात, मूर्तीपुढे, भर मध्वनवमीला कांद्याचा हार चढला असता, आणि त्यावर जयतीर्थरावांची जबानी होती. गेलं वर्षभर तिला याहून कमी सूडही पुरला असता.

“आचार, हात लावू नक्को. वेंगायम हाय.”

आचारांनी हात मागे घेतला. त्यांनी फुलांकडे पाहिलं, मग ओसरीकडे. जयतीर्थराव आपल्या हातांकडे पाहत होते.

“देवाला चालायचं नाही ते,” चंद्रमती म्हणाली. “देवाला चालणारी तुमी चुलवणात घातलीत.”

तिने पुढे होऊन त्यांच्या हातातली परडी घेतली, त्यात एखादी नळी पडली नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, परडी उलटी करून झटकली आणि रिकामीच त्यांना परत दिली. मग पदर खोचला, वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि कांद्यांतलं तण उपटू लागली.